पारा अठ्ठ्याहत्तर, परेड चालू

कराडात आम्ही भाड्यानं राहत होतो त्या घराच्या दाराबाहेर एक पाटी टांगलेली असे. शाळेतली दगडी पाटी, लाकडी चौकटीची, एक कोपरा फुटलेला. घरमालक रोज सकाळी तिच्यावर तारीख घालून खाली दोन ओळी लिहीत. पहिल्या ओळीत पारा किती तो आकडा, आणि दुसरीत 'परेड चालू' किंवा 'परेड बंद'. 'किंवा' आपलं म्हणायला. मी त्या घरात होते तेवढ्या दिवसांत 'परेड बंद' एकदाच लिहिलेलं पाहिलं, आणि तेही वैशाखात, अंगाची लाही होत असताना. ते सांगायलाच बसले आहे. पण मला एक गोष्ट सरळ सांगता येत नाही, तेव्हा जरा धीर धरा.

परेड कसली, तर बर्फावरून घसरायची. कराडात. जिथं बर्फ म्हणजे जत्रेत सरबतवाल्याकडं भुश्शात गुंडाळून आलेली लादी, तीसुद्धा दुपारपर्यंत निम्मी व्हायची.

घरमालक पलटणीतून नाईक होऊन आलेले. दुसरी मोठी लढाई संपली तसे घरी आले. समोर सगळे त्यांना आबा म्हणत आणि पाठ वळली की बर्फआबा. लढाईच्या काळात त्यांच्या पलटणीतली काही माणसं निवडून वर काश्मीरकडच्या डोंगरात नेली होती, पायांना लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरायला शिकवायला. त्याला स्की म्हणतात हे मला फार पुढं नातवानं सांगितलं. आबा फळ्याच म्हणत. तर तिथं रोज उजाडताना कुणीतरी पारा बघून साहेबाला सांगायचं, की आज थंडी माणसं बाहेर काढण्याजोगी आहे की नाही. आबांना इंग्रजी आकडे येत, म्हणून ते काम त्यांच्याकडं. नियम एकच होता. पारा शून्याच्या खाली गेला की परेड बंद, शून्याच्या वर असला की चालू. मोजायचं ते आपला ताप मोजतात त्याच डिग्रीनं, ज्यात बरा माणूस अठ्ठ्याण्णवावर असतो. त्या मापाचं शून्य म्हणजे काय थंडी असेल ते तुम्हीच बघा.

आता कराडात हाडं वाजायची थंडी पडली तरी पारा पंचेचाळीसच्या खाली जात नसे. म्हणजे नियमाप्रमाणे बाराही महिने परेड चालू. चैत्रात चालू, धो धो पावसात चालू. पोस्टमन रोज पाटी वाचून सलाम ठोकायचा आणि विचारायचा, "मग आबा, निघायचं का घसरायला?"

आबा शांतपणे सांगत, "आपल्याकडं फक्त थंडीचं खातं हाय. बर्फ हाय का न्हाई ते बघायचं काम दुसऱ्याचं."

यावर कोण काय बोलणार? सरकारात कामं अशीच चालतात, असं आमचे हे म्हणायचे. हे एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. त्यामुळं आबांचा त्यांच्यावर जीव. "तुमी ताप मोजता, आमी थंडी मोजतो," म्हणायचे, "धंदा एकच." कधीकधी संध्याकाळी दोघं पाऱ्याविषयी बोलत बसायचे, आणि मी नि आक्का पदराआड हसायचो. आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर भावाकडं आलेली, आणि भावाची बायको गेल्यावर घरच हातात घेतलेली. आबांना साऱ्या गावात कुणाचा धाक असेल तर तिचा. तिला कुणाचाच नव्हता.

पारा बघण्याचा सोहळा मात्र बघण्यासारखा. मोरीच्या बाजूला, जिथं कधी ऊन पडत नाही अशा भिंतीवर आबांनी पुण्याहून आणलेली पाऱ्याची पट्टी लावलेली. तिच्याभोवती दोन हातांवर जमिनीवर चुन्याची अर्धगोल रेघ. त्या रेघेच्या आत कुणी जायचं नाही. मोरीवर भांडी घासायची तर पट्टीला वळसा घालून जायचं. आबा उजाडताना उठत, दाढी करत, भर उन्हाळ्यातसुद्धा खाकी कोट चढवत, पायांना पट्ट्या गुंडाळत. मग रेघेपाशी थांबून एक मोठा श्वास छातीत भरायचा आणि गाल फुगवून तसंच आत जायचं. पट्टी वाचायची, मागं पावलं टाकत रेघेबाहेर यायचं, आणि मग भस्सकन श्वास सोडायचा. तोंड लालबुंद व्हायचं. मी नवी नवी होते तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाला पाण्यात बुडी मारायची असेल आणि वाट चुकली असेल.

दुसरी खोड बोटांची. पायाच्या. आबा माणसाचं तोंड नंतर बघत, पायाची बोटं आधी. कुणी पाहुणा आला, जोडा काढून ओट्यावर चढला, की आबांची नजर खाली, आणि ओठ हलायला लागायचे. मोजणी चालायची. हिवाळ्यात तर आमच्या खोलीच्या दाराशी येऊन सांगून जायचे, "पोरी, गोधडीतनं पाय भायेर काढू नगंस. थंडी पायाकडनं आत येती." माझी थोरली झाली तेव्हा बारशाला सगळ्या बाया तिचं नाक कुणावर गेलं त्यावर भांडत होत्या. आबा आले, दुपटं पायाकडनं उचललं आणि मोजायला लागले.

"आरं मुडद्या, पोरीचं तोंड तरी बघ," आक्का म्हणाली.

"धा हाईत," आबा म्हणाले. "जपा." आणि कुंचीत चांदीचा रुपया ठेवून निघून गेले. पोरीचं तोंड त्यांनी पुढं चार दिवसांनी पाहिलं असेल.

फळ्यांचं सांगायचं राहिलंच. त्या सोप्यातल्या भिंतीवर खुंट्यांना आडव्या टांगलेल्या होत्या. माणसाहून हातभर लांब, पुढं टोकाला वळलेल्या, एकीचं टोक मोडकं. पलटणीनं मोडीत काढल्या तेव्हा आबांनी मागून आणल्या म्हणे. त्यांच्याबरोबरच्या दोन काठ्याही होत्या, तळाशी वाटोळं चक्र असलेल्या. एका काठीनं आक्का शेवग्याच्या शेंगा पाडायची. चक्रात शेंग बरोबर अडकते, असं तिचं मत होतं, आणि सरकारनं काठी त्यासाठीच केली असणार. फळ्यांवरही तिचा डोळा होता. उन्हाळ्यात शेवया केल्या की वाळत टाकायला इतकी गुळगुळीत, सरळ फळी साऱ्या पेठेत कुणाकडं नव्हती. पण फळ्यांना हात लावला की आबा गरजायचे, "सरकारी माल हाय." आक्का म्हणायची, सरकार गेलं की रं कवाच विलायतेला, आता कुणाचा माल. पण हात मागं घ्यायची.

एकदा शेजारपाजारच्यांनी फारच डिवचलं, की आबा, बांधून तरी दाखवा. आबांनी अंगणात फळ्या बांधल्या. बांधल्या खऱ्या, पण अंगण केवढं? पुढं तुळस, मागं मोरी. फळ्या बांधलेला माणूस वळायचा कसा? एक पाय उचलला की फळीचं टोक तुळशीला, दुसरा उचलला की मोरीच्या कठड्याला. बरं, सोडायला गेले तर चामड्याच्या वाद्यांची बक्कलं गंजून बसलेली. जेवणवेळ झाली, जेवण झालं, आबा अंगणात उभेच. आक्कानं उभ्यानंच चहा पाजला. तेवढ्यात आबांनी जमलेल्या लोकांना सगळी विद्या सांगून टाकली. वाकायचं कसं, काठी रोवायची कुठं.

"घसरणं सोपं हाय," आबा म्हणाले. "खरं काम थांबायचं."

"मग तू तर सकाळधरनं थांबलायस की," आक्का म्हणाली. "आता जरा घसर."

शेवटी आमचे हे दवाखान्यातून एरंडेलाची बाटली घेऊन आले आणि बक्कलं सोडवली. गावात पुढं कितीतरी दिवस कुणाचं काही अडलं की म्हणायचे, एरंडेल आणा.

मीही हसायचे. का खोटं सांगू, सगळ्यात जास्त मीच हसत असेन. पण एका पौषात माझं हसणं जरा आवरलं. त्या सकाळी पारा शेहेचाळीसवर आला होता. नदीवरून असा वारा येत होता, की बंबाला मिठी मारावीशी वाटत होती. आबा गाल फुगवून पट्टीशी उभे होते. मला कुठनं दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मी म्हटलं, "आबा, आज तरी बंद लिहा. सगळ्या गावाला सुट्टी मिळाल्यागत वाटंल." आणि हसले.

आबांचा श्वास रेघेच्या आतच सुटला. मग बाहेर येऊन बंबापाशी उकिडवे बसले. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगतात.

"एकदा खरंच बंद म्हनायचं हुतं," आबा म्हणाले. "तवा म्या चालू म्हनलं."

मग त्यांनी सांगितलं. फार बोलले नाहीत, मीच जोडून सांगते आहे. तिकडं डोंगरात एका सकाळी पारा सहावर होता. शून्याच्या वर सहा. आबांनी वाचलं, साहेबाला सांगितलं, परेड चालू झाली. पण अंगाला काही वेगळंच कळत होतं. नाकातले केस ताठ झाले होते, थुंकी खाली पडेपर्यंत कडक. सहाला असं होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी पट्टीवर विश्वास ठेवला. वर चढल्यावर वारा सुटला. त्यांच्या जोडीचा गडी होता दस्तगीर, मिरजेचा, जातीचा पिंजारी, म्हणजे घरचा धंदा कापूस पिंजून गाद्या भरायचा. दोघं एका ताटात जेवायचे असं आबा म्हणाले, आणि मग स्वतःच दुरुस्ती केली, की एका ताटात नाही, ताटाला ताट लावून. त्या दस्तगीरच्या डाव्या पायाची बोटं त्या दिवशी काळी पडली. खाली आणलं, इस्पितळात गेला, तिथून परस्पर घरी. बोटं कापली एवढं आबांच्या कानावर आलं. किती, ते कळलं नाही.

"पारा चढला कशानं मग?" मी विचारलं.

"माझ्याच श्वासानं," आबा म्हणाले. "लय जवळ जाऊन वाचलं असंन. माझीच वाफ लागली. दुसरं काय?"

म्हणजे ती चुन्याची रेघ, ते गाल फुगवणं, ती बोटांची मोजणी. मी बंबात एक ढलपी सारली आणि गप्प बसले. मला गप्प बसता येतं हे आक्काला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या दस्तगीरची पत्रंही आली होती. वर्षाला एक, बंद पाकिटातली. आबांनी एकही फोडलं नव्हतं. ट्रंकेत कोटाखाली ठेवून दिली होती. "आत काय असंल ते म्हाइत हाय," म्हणाले. "मोजून शिव्या असतील. त्या वाचल्या की मग जबाब द्यावा लागंल." मी म्हटलं, मी वाचून दाखवते. चौथीपर्यंतच शाळा झाली होती माझी, पण हस्ताक्षर कुणाचंही लागायचं मला. आबांनी ट्रंकेला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर अठ्ठेचाळीस आणि परेड चालू. गाडी पुन्हा रुळावर.

पुढं उन्हाळा आला. वैशाखात एक दिवस पोस्टमन सलाम न ठोकता आत आला आणि म्हणाला, आबा, आज कार्ड हाय. दस्तगीर पिंजारी शहाणा. पाकिटं फोडत नाहीस ना, घे, म्हणून त्यानं उघडं कार्ड पाठवलं. पोस्टमननं वाचलेलं, मी वाचलं, आक्कानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. सगळ्यांनी वाचल्यावर आबांना टाळायला काही उरलंच नाही. कार्डावर एवढंच होतं, की गुरुवारच्या गाडीनं येतो आहे, घरी थांब, आता पाय दुखतो, पुन्हा येणं होणार नाही.

आबांचं धाबं दणाणलं. मला म्हणाले, "त्याला सांग, आबा फलटणला गेल्यात."

"आणि कधी येतील म्हणून विचारलं तर?"

"तो जाईल तवा."

आक्कानं साफ सांगितलं, की मी खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं नाही तर खरंही बोलणार नाही, पण विचारलं तर मग माझ्या तोंडाला कुलूप नाही.

गुरुवारी सकाळी आबांनी नेमानं कोट चढवला, श्वास भरला, पारा वाचला, पाटी लिहिली, आणि मग शिडी लावून माळ्यावर चढले. माळा म्हणजे सोप्याच्या वर कौलांखालची जागा. तिथं आक्काच्या गोवऱ्या आणि जुनी पोती. वैशाखातलं कौलांखालचं ऊन म्हणजे भट्टी. जाताना बरोबर पाण्याचा तांब्या आणि काश्मीरचा मफलर. मफलर कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

दस्तगीरभाई टांग्यातून उतरले. बारीकसा माणूस, पांढरी टोपी, मेंदी लावलेली दाढी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात झाकणाची बुट्टी. डावा पाय टाचेवर टाकत ओट्यावर आले. मी घाईघाईनं सांगून टाकलं, की आबा फलटणला गेलेत. त्यांनी अजून काही विचारलंही नव्हतं.

"असं व्हय?" म्हणाले, आणि खाली बसले. गूळ-पाणी घेतलं. बुट्टीचं झाकण उघडून दाखवलं. आत गवतात नीट बसवलेली अंडी, डझनभर तरी. "उकडून ठेव बाई. उन्हानं नासतील." मग पाटीकडं बघून विचारलं, "ही आजची पाटी कुणी लिव्हली?"

पारा अठ्ठ्याहत्तर. परेड चालू. वर तारीखसुद्धा. आबांचा नेम. पलटणीत शिकलेला माणूस जीव वाचवायला लपेल, पण पाटीवर तारीख घातल्याशिवाय लपणार नाही.

मी म्हटलं, मी लिहिली. आक्का खोकली. दस्तगीरभाई माळ्याकडं बघून हसले. वरून मातीचा एक पोपडा खाली पडला होता.

"बरं झालं घरात न्हाईत ते," म्हणाले. "तोंडावर बोलाय जमलं नसतं. बाई, तुमालाच सांगतो. आले म्हंजे त्यांना सांगा." आणि असा आवाज लावला, की पलीकडच्या आळीला ऐकू जावं.

"तिकडं परेडीच्या दिवशी दर माणसी एक अंडं मिळायचं आणि चहात दुप्पट साखर. परेड बंद असली की नुसता चहा. नाईकाच्या गळ्यात माळ. तो अंडं शिवायचा न्हाई, त्याचं मला द्यायचा. म्हंजे परेड असली की मला दोन. त्या टायमाला तीन दिवस पारा खाली, तीन दिवस परेड बंद. चौथ्या दिवशी मी नाईकाच्या आदी उठलो. लंगरातनं, म्हंजे पलटणीच्या भटारखान्यातनं, चहाचा मग घेतला, उकळता. पट्टी लंगराच्या मागंच टांगलेली. तो मग तिच्याखाली धरला."

वरची खुडबूड थांबली.

"पारा असा चढला, बाई, पार तिसाच्या वर. मी घाबरलो. एवढा चढला तर कोण खरं मानंल? मग लांब झालो, फुंकलं, थांबलो. उतरत उतरत नाईक आला तवा सहावर हुता. त्यानं वाचला सहा. बरोबर वाचला. चूक त्याची न्हवं, पट्टीची न्हवं. माझ्या चहाची."

आक्कानं तोंडाला पदर लावला होता. हसायला की रडायला, सांगता येत नव्हतं.

"घरी आल्यावर पत्र टाकलं. हेच लिव्हलं. जबाब न्हाई. दुसरं टाकलं, तेच लिव्हलं. जबाब न्हाई. मला वाटलं, नाईकाला राग हाय. असणारच. त्याच्या पाऱ्याला कुणी हात लावलेला त्याला खपत न्हवता. दरसाल माफी मागतोय आणि हा गडी बोलंना. मग म्हटलं, मरायच्या आदी तोंड दाखवून शिव्या तरी खाव्या."

माळ्यावरून पहिल्यांदा एक पोतं खाली पडलं. मग शिडीवर दोन पाय आले, पट्ट्या गुंडाळलेले. मग कोट. आबा खाली उतरले तेव्हा त्यांच्या डोक्यावर जळमटं, मिशीत गोवरीचा भुगा, घामानं कोट पाठीला चिकटलेला. मला वाटलं, आता दोघं गळ्यात पडतील. आबांच्या हातात मफलर होता. तो त्यांनी झटकला.

"एका अंड्यासाठी?" आबा म्हणाले.

"दोन. तुझं बी धरून."

"आरं, मी श्वास कोंडून मराय लागलो रोज. पाच वरसं."

"आणि मी पत्रं लिव्हून. तुला वाचाय काय धाड भरली हुती?"

आबा खाली बसले. दस्तगीरभाईंच्या पायातला जोडा त्यांनी स्वतः काढला. डाव्या जोड्यात पुढं कापसाचा बोळा भरलेला होता. काढून बाजूला ठेवला. तेव्हा मीही बघितलं. डाव्या पायाला नुसता अंगठा.

"बोळा घरचाच," दस्तगीरभाई म्हणाले. "दिवसभर बर्फच पिंजतोय म्हण. फकस्त हा गरम."

आबांनी एक बोट उजव्या पायावर टेकवलं आणि मोजायला लागले. ओठ हलत होते. पाच उजवी. मग डाव्या अंगठ्यावर आले आणि तिथंच बोट ठेवून थांबले.

"सहा," आबा म्हणाले.

"बरोबर वाचलंस," दस्तगीरभाई म्हणाले. "तवाबी, आत्ताबी."

आबा उठले आणि मोरीकडं गेले. चुन्याच्या रेघेवरून सरळ आत चालत गेले, श्वासबिस न भरता. पट्टीला नाक लावलं, वाचलं, चांगलं भस्सकन तिच्यावरच श्वास सोडला आणि परत आले. दाराबाहेर जाऊन पाटी कोटाच्या बाहीनं पुसली. खडूचा आवाज मला आतून ऐकू येत होता. मी डोकावून पाहिलं.

पारा एकशेतीन. थंडी फार. परेड बंद.

समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन वाचत होती आणि एकमेकांना कोपरं मारत होती. कुणीतरी म्हणालं, ऊन लागलं बर्फआबाला. आबांनी त्यांच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. आत आक्कानं तेवढ्यात खुंटीवरच्या दोन्ही फळ्या खाली काढल्या होत्या आणि पदरानं पुसायला घेतल्या होत्या. उद्या शेवया करायच्या होत्या. आबांनी पाहिलं. सरकारी माल हाय, असं ते म्हणतील म्हणून मी थांबले. ते म्हणाले, "मोडकं टोक भिंतीकडं कर, शेवईचं सूत अडकंल."

मी अंडी उकडली. मीठ-तिखट काढलं. दोन ताटल्या केल्या, दोघांपुढं दोन दोन अंडी. मला लक्षातच राहिलं नाही, आबांच्या गळ्यात माळ. आबांनी आपली ताटली उचलली आणि दोन्ही अंडी दस्तगीरभाईंच्या ताटलीत घातली.

दस्तगीरभाईंनी चार अंड्यांकडं पाहिलं, मग दारातून दिसणाऱ्या पाटीकडं.

"नाईक, परेड तर बंद हाय," म्हणाले. "मग अंडं कशाचं?"

"गुमान खा," आबा म्हणाले.